ओल्या खडूचा वास
परवा भाचीच्या पाटीवर ओला खडू फिरवला आणि त्या वासाने ती दुपार आठवली. मला लिहिण्याची भारी हौस, अक्षरही वळणदार, म्हणून घाटंजीकडच्या आमच्या गावात चौकातला फळा मीच लिहायचे. कापसाच्या त्या वाईट वर्षांत फळ्यावर बहुतेक निधनाच्याच बातम्या असत, मी खडू घेऊन निघाले की बाया दारातूनच विचारत, "कोन गेलं वं?" एका दुपारी कोतवालकाका आले. "पोरी, खडू घे. फळा लिवाचा हाय." मी विचारलं, "कोन गेलं?" "चाल तं, तिथं सांगतो." बाबा सकाळी फवारणीला गेलेले, अजून परतले नव्हते. आईने पदर तोंडाशी नेला. तापलेल्या रस्त्याने चालताना भिजवलेला खडू माझ्या मुठीत विरघळत होता. फळ्यापाशी काका म्हणाले, "लिव, उद्या जनावरायले लस टोचणार हाय." मुठीत उरलेल्या खडूच्या लगद्याने लिहिताना ओळ खाली घसरत गेली. तेवढ्यात मागून औषधाचा उग्र वास आला. पाठीवर पंप घेतलेले बाबा उभे होते. "आज तुह्यं अक्षर काहून वाकडं आलं?" आता मी ब्लॉग लिहिते, पण कोरं पान उघडण्याआधी घरात सगळे आहेत ना, तेवढं अजूनही पाहून घेते.