रुतबाईचा प्रभू

प्रभू मेकॅनिकला पकडायचं म्हणून मी एकदा रुतबाईच्या खोलीत शिरले आणि थेट खाटेखाली वाकून पाहिलं. खाटेखाली चिंध्यांचं एक गाठोडं होतं आणि एक मांजर. त्या मांजरीनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं उभ्या जन्मात कोणी पाहिलं नाही. आता वाटतं, आणखी चारजणांनी पाहायला हवं होतं. त्या वयात माझी तेवढीच लायकी होती.

लग्नानंतरची पहिली दिवाळी नुकतीच झाली होती. केनवडहून मंगरूळपीरला येताना मी सोबत चार लुगडी आणि आपण फार हुशार आहोत ही खात्री, एवढंच आणलं होतं. आमचा मळा गावाला लागून. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, काढायचं आणि बाजारात न्यायचं. घराच्या बाजूची एक खोली सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, भाड्यानं दिली होती. तिथे रुतबाई राहायची. खरं नाव रूथ. ख्रिस्ती होती, लग्न झालेलं नव्हतं, मागेपुढे कोणी नव्हतं. ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवून पोट भरायची. 'रूथ' काही आमच्या गल्लीच्या जिभेवर बसेना, म्हणून रुतबाई. पहिल्याच भेटीत मी आगाऊपणा केला, "काट्यावानी नाव हाय तुमचं." ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मंग? एकदा रुतली का निघत नाई मी."

पण निघायची पाळी तिच्यावर कधीही येऊ शकत होती. एकट्या बाईला खोली देऊ नका, असं गल्लीनं आत्याबाईंना बजावलं होतं. आत्याबाईंनीही तिला तोंडावर सांगून ठेवलं होतं, "एक बोट उठलं तुमच्यावर का खोली खाली." ते पहिलं बोट उचलायचा मान मला मिळाला.

आमची चूल आणि तिची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. दिवसभर पलीकडून मशीनची खडखड यायची. दिवेलागणीला मशीन थांबायची आणि बोलणं सुरू व्हायचं. मी भाकरी थापताना कान लावायची. एकदा स्पष्ट ऐकू आलं.

"प्रभू, ये. बस. आज भाकर करपली थोडी, चालवून घे. दिवसभर तुह्याशी बोलणंच नाई झालं. तू नसता तं माह्यं काय झालं असतं रे?"

आमच्या गल्लीत प्रभू एकच, प्रभाकर मेकॅनिक. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. झुबकेदार मिशी, दोन लेकरांचा बाप. देवाला आमच्या घरी देवा म्हणत, नाहीतर मारोतीराया. प्रभू म्हणजे आमच्या लेखी पान्हा घेऊन सायकलवर फिरणारा माणूस.

माझ्याही तव्यावरची भाकर करपली. तशीच सोडून मी आत्याबाईंकडे धावले आणि ऐकलं त्याच्या दुप्पट सांगितलं. आत्याबाई उठल्या. मी पुढे, त्या मागे. दार नुसतं लोटलेलं होतं, ते मी असं ढकललं की भिंतीवर आपटलं.

"प्रभूले बाहेर काढा, रुतबाई!"

रुतबाई ताटापुढे डोळे मिटून, हात जोडून बसली होती. तिनं एक डोळा उघडला. "थांब वं जराशी. आमेन होऊ दे."

आमेन होईस्तोवर माझी खाट तपासून झाली. मांजर भेटली ती तेव्हा. मग रुतबाईच्या लक्षात आलं, आम्ही कोणाला शोधतोय ते. आज मी हसून सांगते आहे, पण तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. खोली गेली, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ती आत्याबाईंना म्हणाली, "मी प्रभू म्हणते ते त्याले." आणि वर बोट दाखवलं.

आत्याबाईंनी वर पाहिलं. मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, मेकॅनिक माळ्यावर चढला.

"माळ्यावर काय पाह्यतं वं?" एकदम आठवण होऊन आत्याबाई माझ्यावर कडाडल्या. "प्रभू दुपारपासून आपल्याच विहिरीत उतरेल हाय, मोटार काढून राह्यला. त्याले चहा कोण देऊन आलं? तूच ना?"

मीच. दोनदा.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी. आत्याबाई मात्र जाईनात. दारातच उभ्या राहून त्यांनी ताटाकडे पाहिलं. एक भाकर, वांग्याची भाजी, कांदा. मग विचारलं, "देवाले तू म्हणता तुमी?"

"घरच्याले काय तुमी म्हणाचं?" रुतबाई म्हणाली.

आत्याबाई वळल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "भिंतीजवळची चूल हालवाची नाई. पण कान जाग्यावर ठेवाचे." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच हाती त्यांनी रुतबाईकडे मळ्यातली वांगी पाठवली. खोलीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

कान काही जागेवर राहिले नाहीत. पण त्यानंतर मी चोरून ऐकणं सोडलं आणि उघड ऐकायला लागले. तिलाही ते ठाऊक होतं. कधी कधी प्रार्थनेच्या मध्येच ती आवाज चढवायची, "प्रभू, हे शेजारची शेवंता अजून ऐकून राह्यली. तिची भाजी खाली लागली, तिले सांग." आणि खरोखर लागलेली असायची. तिच्या प्रार्थनेची सुरुवात चर्चमधल्यासारखी शुद्ध असायची, 'हे दयाळू पित्या' वगैरे. भांडण आलं की वऱ्हाडी सुरू. आणि भांडण रोज यायचं.

एकदा मी विचारलंच, "रुतबाई, लगन काहून नाई केलं?"

"आलते ना पाह्याले. पोहे खाल्ले अन् गेले. मंग निरोप आला, पोहे चांगले झालते."

"मंग?"

"मंग काय? मी काई नवस नाई केला बिनलग्नाचं राह्याचा. राह्यली ते राह्यली. पहिले लय भांडली त्याच्याशी. मंग ध्यानात आलं, हा बी तं बिनलग्नाचाच होता. याच्या मायले बी गावातल्या बाया पुसत असतीन, पोराचं कधी उरकता म्हणून. त्याले माह्यं समजते." मग दोरा दातानं तोडून म्हणाली, "अन् थकला का जाये कोणाच्या घरी? दोघी बहिणीच्या. आमच्या बायबलात त्याइच्या नवऱ्याचं नाव नाई. त्यानं पुसलंच नसन. जेवला अन् बोलत बसला."

रविवारी ती सकाळच्या गाडीनं वाशीमला चर्चला जायची. एका नाताळाला मी सोबत गेले. तिथल्या बायका प्रेमळ, पण सगळ्यांनी डोळे मिटून एकच मागणं मागितलं, आमच्या या बहिणीला तिचं घर मिळू दे, जोडीदार मिळू दे. पुढच्या बाकावरून रुतबाईचा आवाज आला, "प्रभू, बहिणीइचं मनावर घेऊ नको. घर मले हाय. माह्या मशीनचा पट्टा तुटला, तेवढा पाह्य." मी पदरात नाही, आख्ख्या शालीत तोंड लपवलं. पुढच्या रविवारी कोणीतरी तिला नवा पट्टा आणून दिला. तो मला दाखवत ती म्हणाली, "पाह्य. कामाचं मागतलं का तो देते."

ती सदा हसतमुख होती असं लिहिलं, तर वरून माझी वेणी ओढेल. एकदा लग्नसराईत मशीन लवकर थांबली आणि बोलणं सुरूच झालं नाही. मी दोनदा भिंतीशी गेले. काही नाही. शेवटी दारातून गेले. ती नवरीचा जरीकाठी ब्लाऊज मांडीवर घेऊन बसली होती. हुक लावायचे राहिले होते. डोळे सुजलेले.

"आज त्याच्याशी बोलणं नाई," ती म्हणाली. "रुसली मी. दुनियेच्या नवऱ्या सजवल्या या हातानं."

मी हुक लावत बसले. सगळे उलटे लावले. तिनं तेही उसवू दिले नाहीत, म्हणाली, "राहू दे सकाळपर्यंत." सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "झालं का रे तुह्यं रुसणं? माह्यं झालं." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हिचं आतलं माणूस खरं आहे. नसत्याशी कोणी असं भांडून गोड होत नाही. माझा देव्हारा माझ्याकडे, तिचा प्रभू तिच्याकडे. भिंत दोघींची.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता रुतबाई गेली, झोपेतच. वाशीमची मंडळी आली. कबरीजवळ पाळकांनी विचारलं, कोणी दोन शब्द बोलेल का? मी काठी टेकत पुढे झाले आणि खाटेखालच्या मांजरीची गोष्ट सांगितली. माळ्यावरच्या मेकॅनिकसकट. मातीजवळ उभं राहून माणसं इतकी हसतात, हे मला ठाऊक नव्हतं. पाळक तर चष्मा काढून डोळे पुसत होते.

एक गोष्ट मात्र मी तिथे सांगितली नाही. ती इथे सांगते.

त्याच्या काही वर्षं आधी आमचे हे गेले, तेरावं झालं, मुलं पुण्याला परतली. महिन्याभरात न्यायला येतो म्हणाली. आत्याबाई तर केव्हाच गेल्या होत्या. एवढ्या घरात मी एकटी. दिवस मळ्यात जायचा. दिवेलागणीला घर अंगावर यायचं. एका संध्याकाळी हात सवयीनं दोन कप चहा ओतून मोकळा झाला. दुसरा कप यांच्या खुर्चीपुढे ठेवून मी भांडायला लागले, "साखर कमीच टाकली. तोंड वाकडं करू नका. जायची एवढी काय घाई होती?"

तेवढ्यात दार असं ढकललं गेलं की भिंतीवर आपटलं. रुतबाई. गुडघे गेलेले, हातात काठी, धाप लागलेली.

"काढ त्याले बाहेर!" ती ओरडली. "कुठं लपवला? खाटेखाली का माळ्यावर?"

हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. हसता हसता रडले. तिनं खुर्ची ओढली, यांचा चहा उचलला, एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि साखर मागितली.

मी विचारलं, "रुतबाई, एवढा जन्म तुमी एकटीनं कसा काढला? मले महिना निघून नाई राह्यला."

ती कपात साखर ढवळत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "एकटी कायची वं मी? वर प्रभू होता, अन् भिंतीले तुहे कान होते."