दुसऱ्यांदा विचारायचं नाही

सकाळी चहा गाळत होते तेव्हा फोन वाजला. कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला होता, 'आपल्या सहकारी प्रा. डॉ. कुंदाताई यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी आधी त्या 'डॉ.'कडेच बघत राहिले. माणूस गेल्याचं दुःख पोचायच्या आत मला राग आला. कुंदा डॉक्टर नव्हती. तिला ते होऊ दिलं नाही, आणि ज्यांनी होऊ दिलं नाही त्यांच्यापैकी काहींचे हात त्याच रांगेत जोडलेले होते.

डेंग्यूचं निमित्त झालं. कुंदा आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे वर्गात जेवढे तास उभं राहील तेवढ्याचाच मोबदला. आजारपणाची रजा नाही, उन्हाळ्याचा पगार नाही. आम्हा कायम नोकरीतल्यांना नुसती सर्दी झाली तरी आम्ही अंगावर पांघरूण ओढून घेतो. कुंदा अंगात ताप घेऊन दोन कॉलेजं करत राहिली आणि दवाखान्यात पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. तिचा धाकटा भाऊ देवा फोनवर एवढंच म्हणाला, "ताई गेली ना आमची... तुमी या."

आमची ओळख विद्यापीठातली, समाजशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गातली. ती रोज उमरेडहून एसटीनं यायची. वडील हातमागावर विणायचे, आई त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची, आणि दहावीच्या पुढं गेलेली त्या घरातली ती पहिलीच. माझे वडील प्राध्यापक. विद्यापीठाचं आवार मला लहानपणापासून पाठ होतं, तिथले शिपाईसुद्धा मला नावानं ओळखायचे. ग्रंथालयात पुस्तक नाही म्हटलं की मी काउंटरवर कोपर टेकवून सांगायची, "असं कसं नाही? पुन्हा बघा ना जरा." कुंदा मागं ओढणीचं टोक चावत उभी. बाहेर आल्यावर मात्र तिला हसू आवरायचं नाही. "तू पुस्तक मांगून राहिली होती का भांडून राहिली होती वं?" असं म्हणून ती पायऱ्यांवरच बसकण मारायची. हुशारीत मी तिच्या पासंगालाही पुरत नव्हते. निकाल लागला तेव्हा वर्गात पहिली तीच आली, आणि माझ्या वडिलांनी पेढे मला देण्याआधी तिच्या हातावर ठेवले.

पीएच.डी.ला आम्ही दोघी एकाच सरांकडे लागलो. सरांचं नाव मोठं होतं. वंचितांच्या शिक्षणावर ते इतकं सुंदर बोलायचे की सभागृहात लोकांचे डोळे भरून यायचे. कुंदाचा विषय त्यांनीच सुचवला होता, विणकरांच्या घरातल्या मुली नेमक्या कुठं शाळा सोडतात. ती गल्ल्यागल्ल्यांतून हिंडली, बायांच्या मागाशेजारी बसून बोलली, आणि पहिली प्रकरणं लिहून झाल्यावर तो गठ्ठा घरच्याच सुतानं बांधून तिनं सरांच्या टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "ठेव, बघतो."

माझंही पहिलं प्रकरण त्यांनी असंच ठेवून घेतलं होतं. पण रात्री जेवताना माझे वडील म्हणाले, "आठवडा झाला ना? उद्या परत जा. वाचलं नसेल तर समोर बसून राहा." मी जाऊन बसले. सर वैतागले, दोनदा घड्याळ बघितलं, मग चष्मा लावून वाचायला लागले. पुढं प्रत्येक प्रकरणाला हेच. सरांना माझा कंटाळा आला होता, हे मला दिसत होतं, आणि वडिलांनी सांगून ठेवलं होतं की तो येऊ द्यायचा. कुंदा मात्र कधीच गेली नाही. विभागाच्या व्हरांड्यात सर भेटले तर ही नमस्कार करून भिंतीला चिकटणार, ते "काय, ठीक ना?" म्हणणार, ही "हो सर" म्हणणार, आणि सर पुढच्या चर्चासत्राला निघून जाणार.

"विचारत का नाहीस त्यांना?" मी एकदा चिडूनच म्हटलं.

"कशी विचारू वं? एकदा देलं ना त्याईच्या हातात."

मग तिनं जे सांगितलं ते मी तोवर कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. कापड विणून झालं की तिचे बाबा ते नेऊन सूत देणाऱ्या शेठच्या गादीवर ठेवायचे आणि घरी येऊन बसायचे. शेठनं ते उलगडलं का, पसंत पडलं का, काही विचारायचं नाही. "जो दुसऱ्यांदा विचारते, त्याले पुढचं सूत भेटत नाही. शेठचा माणूस बोलवाले आला, का मंग जायचं. बाबा आमाले हेच सांगत आले."

"अगं, पण सर म्हणजे काही शेठ नाहीत."

"मंग कोण आहे?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांची मर्जी गेली तर पुढचं सूत मिळत नाही, हे आमच्या विभागातही खरंच होतं की. फक्त इथं मर्जी राखायची रीत उलटी होती. इथं खेटे घालणाऱ्याचंच काम व्हायचं, आणि ते माहितीपत्रकात कुठंही छापलेलं नव्हतं. माझ्या घरी ते वरणभातासोबत वाढलं जायचं, आणि मीही ते तिला असं उलगडून सांगितलं नाही.

माझा प्रबंध झाला, नोकरी लागली, लग्न झालं. कुंदा थांबून होती. मीही तिच्यासाठी सरांकडे विषय काढून बघितला, तेव्हा ते म्हणाले, "तिचं काम चांगलंच असणार, तिची काळजी नाही." शेवटी सर निवृत्त झाले. खोली रिकामी करताना कपाटाच्या तळातून कुंदाचा गठ्ठा निघाला. तिला बोलावून त्यांनी तो तिच्या हातात दिला, तेव्हा मी तिथं होते. सुताची गाठ जशीच्या तशी होती. विणकराच्या घरची गाठ ती, एकदा सोडली की दुसऱ्याला तशी मारता येत नाही. गठ्ठा कुणी उघडलाच नव्हता. आणि सर अगदी मायेनं म्हणाले, "अगं, तू कधी विचारलंच नाहीस! मला वाटलं, तुला घाई नाही."

तोवर नोंदणीची मुदत संपली होती. नियम बदलले होते. नव्या मार्गदर्शकांकडे, त्यांत आमच्या कॉलेजातलेही काही होते, जागा नव्हती, आणि जिथं होती तिथं ती कुणाच्या तरी भाच्यासाठी राखून ठेवलेली. पीएच.डी. नाही म्हणून कायम नोकरी नाही, कायम नोकरी नाही म्हणून तासिका. त्या दिवशी विभागाच्या पायऱ्या उतरताना कुंदा मला म्हणाली, "मी बावळट नाही वं. इथं विचारा लागते, हे मले कोणी सांगतलंच नाही."

आता शोकसभेबद्दल. फळ्याजवळ तिचा हार घातलेला फोटो, आणि खाली पुन्हा तेच 'डॉ.'. मी कार्यालयातल्या बाबूंना म्हटलं, "हे काढा, ती डॉक्टर नव्हती." ते हळूच म्हणाले, "राहू द्या ना मॅडम, चांगलं दिसून राह्यलं." सर आले होते. थकलेत आता, काठी घेऊन चालतात. आवाज मात्र तोच आहे. ते म्हणाले, "कुंदा फार गुणी मुलगी. इतकी वर्षं माझी विद्यार्थिनी होती, पण तिनं कधी त्रास म्हणून दिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, तेवढाच तर गुन्हा झाला तिच्या हातून! दोन मिनिटं मौनासाठी सगळे उभे राहिले तेव्हा मी बाहेर पडले. त्या माणसांच्या ओळीत मान खाली घालून उभं राहणं मला जमलं नसतं.

परवा नंदनवन वस्तीतली तिची भाड्याची खोली रिकामी करायला देवाबरोबर गेले. देवा आता मिहानच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीच्या फाटकावर राखणीला असतो, एक दिवसाची सुटी काढून आला होता. वरच्या मजल्यावरची एक खोली, गॅसची शेगडी, पुस्तकं, आणि दाराकडं तोंड करून ठेवलेली हातांची एक लाकडी खुर्ची. रविवारी तिथं खेड्यांतून शिकायला आलेल्या मुली जमायच्या. त्यांना ती विषय शिकवायची नाही, तो त्यांना येतच असे. ती स्वतः त्या खुर्चीत सर होऊन बसायची. मुलीनं दार वाजवायचं, काम सांगायचं. ही मान वर न करता म्हणायची, "नंतर या." मग मुलीनं जिना उतरून खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. मुली हसून लोटपोट व्हायच्या. एकदा मी तिथं असताना तिनं एकीला झापलं होतं, "हसून काय राहिली वं? जाय खाली. परत ये, अन् आवाज काढ जरा."

आम्ही पुस्तकं बांधत होतो तेव्हा त्यातलीच एक, भिवापूरकडची प्रणाली, दारात येऊन उभी राहिली. तोंडाला बांधलेला दुपट्टा तिनं सोडला. ताई गेल्याचं तिला माहीत होतं. म्हणाली, "विभागात गेली होती मॅडम. नव्या सरनं कागद ठेवून घेतले, म्हणे बघतो. उद्या परत जायचं आहे... मले भेव लागून राह्यलं." मग खुर्चीकडं बघत हळूच म्हणाली, "तुमी बसता काय?"

देवानं हातातली पुस्तकं खाली ठेवली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी खुर्चीत बसले. प्रणाली बाहेर गेली, तिनं दार वाजवलं, काम सांगितलं. मी मान वर केली नाही. "नंतर या," मी म्हटलं, आणि माझी मीच दचकले. आवाज, थंडपणा, सगळं जिथल्या तिथं होतं. मला सराव करावा लागला नव्हता.

ती जिना उतरून खाली गेली. देवा माझ्याकडं बघत होता. मग ती वर आली आणि तिनं पुन्हा दार वाजवलं, आधीपेक्षा जोरात.