अंगाकर आणि हळद

बूढ़ापारा वस्तीतल्या आमच्या घरी भाचीच्या हळदीला वाद एकच होता. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, विधवा. तिनं स्वतःच्या पोरीला हळद लावायची की नाही? थोरल्या काकूंनी निकाल देऊन टाकला होता. "तू दुरून पाह्य बाई. आपल्यात चालत नाही." हळद मात्र बहिणीनंच कालवली.

नवरा मुलगा आयर्लंडचा. त्याची आई तिथल्या खेड्यात गाई पाळते. लग्नासाठी ती आमच्याकडे आली होती. तिनं भाचीमार्फत सांगितलं की त्यांच्या गावात नवरी उंबरठा ओलांडून आत आली की सासू तिच्या डोक्यावर भाकरी मोडते. घरात बरकत राहते म्हणे. तिकडची भाकरी ओटची. इथं तांदळाच्या पिठाची जाड भाकरी, म्हणजे अंगाकर, भाजली.

"पाहुणीचा मान आहे, होऊ द्या," काकू म्हणाल्या.

विहीणबाईनं भाचीच्या डोक्यावर अंगाकर मोडली. तुकडे अंगणभर उडाले आणि बायकांनी ते वेचले. कुमारिकेनं तुकडा उशीखाली ठेवला तर होणारा नवरा स्वप्नात येतो, हे कळल्यावर काकूंनी नातीसाठी एक पदरात बांधून घेतला. मग विचारलं, "विहीणबाईचे मिस्टर काहून नाही आले?"

भाचीनं विचारून सांगितलं. "ते वारले. मागेच."

काकू पुढं आल्या.

"मंग सांगाले नको आधी?"

विहीणबाईचं उत्तर भाचीनं जसंच्या तसं ऐकवलं. "कोणी विचारलं नाही. भाकरी आईनं मोडायची असते. त्यात नवऱ्याचं काय काम?"

बहीण हळदीची वाटी घेऊन भाचीच्या पाटापाशी आली. "काकू, तो तुकडा टाकून देता का मंग?"

काकूंचा हात पदराच्या गाठीवर गेला. "तिचं वेगळं आहे. त्याहिच्यात चालते."

"उशी तर तुमच्या नातीची आहे नं?"

पहिली हसली ती काकूंची सून. मग बाकीच्या. गाठ काही सुटली नाही. काकू पाटाजवळून सरकल्या. "लाव बाई. पण पायापासून वर लाव, उलटं नको करू."

हळद लावायला आंब्याची पानं ठेवली होती. बहिणीनं ती बाजूला सारली आणि दोन्ही तळवे वाटीत बुडवले. पाय, गुडघे, खांदे, मग गाल. तिनं घाई केली नाही, आणि कोणी तिला घाई करायलाही सांगितलं नाही. तिचं झालं तेव्हा वाटी रिकामी होती. बाकीच्या बायकांसाठी हळद पुन्हा कालवावी लागली.