सहा गिटारी आणि एक खिडकी

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या दसऱ्याला, सकाळी अकराच्या सुमारास, मुलुंड पूर्वेतल्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, घरातल्या सगळ्यांच्या देखत झाला. त्या दिवशी दादाने सहावी गिटार घरात आणली. ती ठेवायला जागा उरली नव्हती. म्हणून खिडकीपाशी असलेलं आईचं शिलाई मशीन उचललं आणि बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये नेऊन ठेवलं. एका बाजूने दादाने धरलं, दुसऱ्या बाजूने बाबांनी. आणि मशीनची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती हातात गोळा करून मागून चालत होती, ती आईच.

हे शेवटचं मला बरेच दिवस समजलं नव्हतं.

मी पत्रकं लिहिते. संघटनेचं काम आहे, पगाराचं नाही. झोपड्या पाडून माहुलला नेऊन टाकलेल्या कुटुंबांच्या खोल्यांत भरदुपारी दिवा लावावा लागतो, यावर मी आजवर किती मजकूर लिहिला असेल सांगता येत नाही. उजेड हा हक्क आहे, हे वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी म्हणेन. आणि आमच्या घरात आई ट्यूबलाइटखाली ब्लाउज शिवत होती, कारण घरातला चांगला उजेड सहा गिटारींच्या अंगावर पडत होता.

वाजवणारा एक, हात दोन, गिटारी सहा. का? हा प्रश्न मी दादाला रागाने विचारायचे, त्यामुळे त्याने कधी नीट उत्तर दिलं नाही. मग मी स्वतःच शोधायला लागले.

पहिली गिटार कॉलेजातली. एक मित्र गाव सोडून जाताना विकून गेला. तिच्यावर दादाला सगळं जमायचं, फक्त एफ लागायचा नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: एफ ही एक कॉर्ड आहे. तिच्यात पहिलं बोट आडवं टाकून साऱ्या तारा एकदम दाबून धरायच्या असतात. शिकणाऱ्याची तिथे वाट लागते. तारांमधून सूर येत नाही, खरखर येते. कुणीतरी दादाला सांगितलं की तुझ्या गिटारच्या तारा लाकडापासून फार वर आहेत रे, म्हणून होतंय हे. झालं. दुसरी आली, तारा खाली असलेली. मग तिसरी नायलॉनच्या तारांची, बोटं दुखू नयेत म्हणून. चौथी इलेक्ट्रिक, तिची मान बारीक असते म्हणून. पाचवी लहान, प्रवासात न्यायला. तो प्रवास म्हणजे दादाचं अंधेरीचं ऑफिस आणि वर्षातून एकदा मालवण. सहावी कशासाठी, हे विचारल्यावर तो म्हणाला, "हिचा आवाज बघ ना."

मी आवाज बघितला. एफ तिच्यावरही लागत नव्हता. गाण्यात ती जागा आली की दादा हात उचलतो, पायाने ठेका धरतो आणि तोंडाने गुणगुणतो. बाबांना वाटतं ती त्याची स्टाइल आहे.

दिवाळी होऊन गेल्यावर आमच्याच सोसायटीतल्या एक काकू ब्लाउज परत घेऊन आल्या. गडद निळ्या कापडाला आईने काळ्या दोऱ्याची शिलाई मारली होती. अख्खा ब्लाउज, बाह्यांसकट. काकू चांगल्या आहेत, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, वहिनी, तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं हो. आईने तो ब्लाउज गॅलरीत नेला, ग्रिलपाशी उजेडात धरला, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग आत येऊन शिलाई उसवायला बसली. पॅसेजमध्येच.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. एक पान, ठळक मथळा: खिडकी कुणाची? फ्रिजवर चुंबकाने लावलं. मजकूर कडक होता. श्रम करणाऱ्या बाईला अंधारात ढकलून चैनीच्या वस्तूला उजेड देणारं हे घर, वगैरे. बाबांनी फ्रिजमधून दूध काढताना वाचलं आणि विचारलं, ही चैनीची वस्तू म्हणजे मी का? दादाने वाचलं आणि जेवून उठला. आईने ते वाचलंच नाही. चष्मा नव्हता तिच्या डोळ्यांवर. मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाली, थांब, कुकर होऊ दे.

पुढच्या रविवारी मी दादाच्या मागे घाटकोपरला गेले. तिथे त्याच्या एका मित्राच्या वडिलांचा क्लास आहे, रविवारी सकाळी रिकामा असतो. दादा आणि त्याचे चार मित्र तिथे बाकांवर बसून वाजवतात. एक बँकेत आहे, एक दातांचा डॉक्टर, दोघं कुठल्यातरी ऑफिसात. मी सरळ विचारलं, प्रत्येकाकडे किती आहेत? डॉक्टर हसला आणि म्हणाला, बायकोला माहीत असलेल्या की एकूण? बँकवाल्याने सांगितलं की त्याने विकून विकून आता तीनवर आणल्यात. कुणाला विकल्या, विचारलं तर बाकीच्यांनी हात वर केले. म्हणजे हे लोक गिटारी एकमेकांना विकतात. घाटकोपरची अंधेरीला, अंधेरीची बोरिवलीला, आणि दोन वर्षांनी तीच परत घाटकोपरला. विकणाऱ्याला आठवण येते म्हणून तो ती पुन्हा घेतो. यात घरातली गर्दी कमी कशी होते, ते मला कुणी समजावू शकलं नाही. ते मात्र अगदी गंभीरपणे समजावत होते.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, हे मला खटकलं. दीड तास त्यांनी एकच गाणं वाजवलं आणि एकाच ठिकाणी पाचही जण अडखळले. मग कुणीतरी विषय काढला की अमुक लाकडाची मान असेल तर हे सोपं जातं, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. राहिलेला सगळा वेळ लाकडावर गेला.

घरी येऊन मी कृती केली. पहिल्या गिटारचे फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर टाकले. दादाला विचारलं नाही. विचारून काही होत नाही, हे मी संघटनेत शिकले आहे. निवेदनं देत बसलात तर पुढचा दसरा येतो. शनिवारी दुपारी बोरिवलीहून एक मुलगा बघायला आला. दादा ऑफिसला होता, त्याचा शनिवार अर्धा असतो. मुलाने गिटार मांडीवर घेतली, कान तिच्या पोटाला लावून सूर जुळवले, आणि एफ लावला. सहज. दादाच्या पहिल्या गिटारवर, तारा वर असलेल्या त्याच गिटारवर, एफ स्वच्छ वाजला. मी बघतच राहिले. म्हणजे गिटार चांगली होती. पहिल्यापासून चांगली होती.

मी त्याला म्हटलं, घेऊन जा. आणि आई पॅसेजमधून उठून आली.

"ती इकूची नाय," ती म्हणाली. आई इतर वेळी आमच्यासारखंच बोलते. मालवणी तिच्या तोंडी आली की समजायचं, आता विषय संपला.

मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच विकतेय. तिची जागा मोकळी झाली की मशीन परत खिडकीशी येईल.

"दसऱ्याक कुंकू लावलंय मी तिका. माझ्या हातान. पूजलेली वस्तू इकूची नाय."

हे खरं होतं. दसऱ्याला आमच्याकडे सगळी हत्यारं पुजली जातात: आईचं मशीन, कात्री, बाबांचा पाना-पक्कडीचा डबा, विळी, आणि ओळीने सगळ्या गिटारी, प्रत्येकीच्या डोक्याला झेंडूचं एकेक फूल. म्हणजे दादा नव्या आणत गेला तरी जुन्या घराबाहेर का जात नव्हत्या, याचं अर्धं उत्तर आईकडे होतं. जिच्यावर अन्याय झाला तीच त्या सगळ्यांना कुंकू लावून घरात पक्कं करत होती. मी म्हटलं, मग बाबांची स्कूटर कशी गेली? तिचीही पूजा व्हायची. त्यावर आतून बाबा म्हणाले, ती विकली नाही, भंगारात दिली. आणि आई म्हणाली, मेलेल्याचं वेगळं असतं. या उत्तरात चूक काय आहे ते मी आजही शोधते आहे.

बोरिवलीच्या मुलाने शहाणपणा करून गिटार सेटीवर ठेवली, पाणी मागितलं. तेवढ्यात दादा आला. त्याने परका मुलगा पाहिला, गिटार पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच सगळं सांगितलं, लपवलं नाही. वर हेही सांगितलं की एफ लागतो हिच्यावर, आत्ता ऐकलाय मी. मला वाटलं तो भडकेल. तो खाली बसून बूट काढायला लागला.

"माहितीये मला," तो म्हणाला. "केव्हापासून माहितीये."

"मग बाकीच्या पाच कशाला घेतल्यास?"

"जुनी वाजवली की मी कसा वाजवतो ते कळतं. नवीन आणली की काही दिवस कळत नाही. वाटतं, अजून हात बसायचाय." मग दुसरा बूट काढत म्हणाला, "तेवढे दिवस बरे जातात गं. तुला नाही कळणार."

मला कळलं नाही असं नाही. पत्रकात एक बाजू अन्याय करते आणि दुसरी सोसते. इथे अन्याय करणारा सॉक्समध्ये बसला होता आणि त्याला आपलं वाजवणं ऐकवत नव्हतं. मी तरी नेटाने म्हटलं की तुझे बरे दिवस आईच्या डोळ्यांवर निघतायत. त्या निळ्या ब्लाउजचं सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, आणि तो आईला म्हणाला, तू बोलली का नाहीस?

आई म्हणाली, मला कोणी विचारलं? हे ती दादाकडे बघून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे बघत होती.

"फ्रिजावर कागद लावलास. माणूस बोलावलास. माझ्यावर अन्याय झाला, हे तू सगळ्यांना सांगितलंस. मला एकदा विचारलंस, की आई, तुला काय हवंय?"

दादा म्हणाला, तुमच्या माहुलला तरी विचारता का लोकांना? मी त्याला गप्प बस म्हटलं. पण मुद्दा लागला होता.

म्हणून मग विचारलं. त्या बोरिवलीच्या मुलासमोरच विचारलं, तो पाणी पिऊन झालं तरी उठत नव्हता. आईने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: तिला खिडकी हवी आहे. हवीच आहे. उगाच त्यागबिग काही नाही, डोळे दुखतात. दुसरी: दादा नवीन गिटार आणतो तेव्हा आधी स्वयंपाकघरात येतो. ओट्याला टेकून उभा राहतो, तिचं लाकूड दाखवतो, वाजवून दाखवतो, ऑफिसातलं काहीबाही सांगतो. एरवी येतो, जेवतो, फोन घेऊन आत जातो. नवी आली की आठवडाभर तो आईशी बोलतो. म्हणून ती वायर गोळा करून मागून चालली.

दादाने मान वर केली नाही. बाबा दारात येऊन उभे होते. आणि मला एकदम असं वाटलं, की मी चुकीच्या माणसाविरुद्ध योग्य मोर्चा काढला, की योग्य माणसाविरुद्ध चुकीचा? अजून ठरलेलं नाही. खिडकी आईची आहे, यावर मी ठाम आहे. दादा दोषी आहे, यावर त्या दिवसापर्यंत ठाम होते.

तोडगा आईनेच काढला. विकायची नाही, पण द्यायला हरकत नाही. दान चालतं. फक्त ज्याला वाजवता येतं त्याला द्यायची, भिंतीवर टांगणाऱ्याला नाही. बोरिवलीचा मुलगा लगेच म्हणाला, मला चालेल. मग म्हणाला, पण घरी ऑलरेडी चार आहेत. आई त्याला म्हणाली, मग तू जा बाळा, चहा घेऊन जा.

दादा कबूल झाला. चार देईन म्हणाला, दोन ठेवीन. पण कुठल्या चार, हे त्याला ठरवता येत नाही. रोज संध्याकाळी एकेक काढून वाजवून बघतो, आणि रोज जी हातात असते तीच ठेवावीशी वाटते. एक बरं झालं की हे तो आता स्वयंपाकघरात उभा राहून करतो. आईला विचारतो, ही देऊ का गं? आईही धड सांगत नाही. म्हणते, हिचा आवाज गोड आहे रे. या दोघांच्या भरवशावर राहिले तर काही व्हायचं नाही. मशीन आज सकाळीही पॅसेजमध्येच होतं, ट्यूबलाइटखाली, आणि लग्नसराईचे ब्लाउज यायला लागलेत.

तेव्हा आता तुम्हाला सांगते. तुम्हाला गिटार वाजवता येत असेल आणि घरी एकही नसेल, तर दुकानात जाऊ नका. आमच्याकडे या, रविवारी दुपारी या, दादा घाटकोपरहून परतलेला असतो. कुठलीही उचला आणि वाजवून दाखवा. तो म्हणेल ही नको, हिच्यात एक गंमत आहे. आई म्हणेल, आधी खाऊन घे. खाऊन घ्या, त्याची गंमत ऐकून घ्या, आणि उठताना गिटार घेऊनच उठा. पुढच्या आठवड्यावर टाकू नका.