रंगाचे एकतीस हात

स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, शामसुंदर निखाडेंचं क्वार्टर शोधायचं तर नंबर विचारू नये, बिनछपराची गाडी विचारावी. कुत्रीसुद्धा वाट दाखवतात. दोन सीटची ती विलायती गाडी निखाडेंनी ब्याण्णव साली एका मालगुजार जमीनदाराच्या गोठ्यातून ट्रॉलीवर लादून आणली. लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. कलावतीबाईंना म्हणाले, "दिवाळीत तुले इच्यात बसवून भंडाऱ्याले नेतो." कोणती दिवाळी, तेवढं सांगायचं राहिलं.

मागच्या अंगणात टिनाचा शेड झाला आणि गाडी त्यात गेली ती गेलीच. सुपेल्याचा फकिरा मिस्त्री त्याच वर्षी आपणहून आला होता, सहा महिन्यांत चालू करून देतो म्हणाला. निखाडे प्लांटच्या मेंटेनन्समध्ये. त्यांनी त्याला चहासुद्धा पाजला नाही. "लोखंडाचं मले शिकवतेस? स्कूटरी दुरुस्त कर, जा."

हात लावायला निखाडेंना फुरसत नव्हती, पण विश्वकर्मा पूजा त्यांनी कधी चुकवली नाही. पूजेआधी प्लांटच्या शॉपमधल्या साऱ्या मशिनींना रंग लागतो, तसा ते घरी गाडीलाही लावत. एक वर्ष रेड ऑक्साइड, एक वर्ष चांदी. मग हार, कुंकू, नारळ. फरक एवढाच, की शॉपमधली मशीन दुसऱ्या दिवशी चालू लागायची आणि ही हार वाळेपर्यंत तशीच. धूळ खरवडायची, गंज काढायचा, असल्या भानगडीत ते पडत नसत. ब्रश बुडवला की फिरवला. क्वार्टरांच्या लाइनीतले लोक भिंतीवरून विचारत, "निखाडेसाहेब, नवरी किती वेळा रंगवता, वरात कधी?" निखाडे सांगत, "रंगाखाली लोखंड शंभर वर्षं टिकते." कलावतीबाई आत कणीक तिंबत राहायच्या.

एकतीस पूजा झाल्या. निखाडे रिटायर झाले. महिन्याअखेर क्वार्टर सोडून उतईच्या दोन खोल्यांत जायचं, तिथे सायकल ठेवायलाही जागा नाही. भंगारवाल्याला ते देणार नव्हते. गाडी आख्खी जावी, दुरुस्त होऊन रस्त्यावर यावी आणि लाइनीने ती पाहावी, एवढंच आता त्यांना हवं होतं. रायपूरचा पीयूष नावाचा, जुन्या गाड्यांचा शौकीन पोरगा फोटो पाहून हो म्हणाला, तेव्हा त्यांनी ही बातमी गिरणीपासून भाजीवाल्यापर्यंत स्वतः पोचवली.

रविवारी पीयूष आला, सोबत त्याचा कारागीर. कारागीर म्हणजे फकिरा. मिशा पांढऱ्या, हातात हत्यार काही नाही, फक्त एक लोहचुंबक.

"ओळखलं का, साहेब?"

"ओळखलं," निखाडे म्हणाले. "पाहा कशी ठेवली. एक ओरखडा नाही."

फकिराने चुंबक दाराला लावला. तो घसरून खाली पडला. मडगार्डला लावला, पडला. बॉनेटवर एका जागी चिकटला, तेव्हा निखाडेंचा श्वास सुटला. मग फकिराने अंगठा दाबला आणि अंगठा दारातून आत गेला.

"पत्रा नाही, साहेब. ओल आत कोंडली, गंजानं सारं खाल्लं. रंगच उभा आहे."

"शेडच्या टिनातून पाणी गळलं असन," निखाडे म्हणाले.

"एकतीस वर्षं कावून गळू दिलं मग?" कलावतीबाई घराच्या दारातून बोलल्या. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं.

पीयूष पोरगा भला. म्हणाला, "काका, चेसिस और इंजन ठीक आहे. ते मी घेतो. बॉडी नवीन बनवावी लागेल. ही इथेच सोडू."

"नेशीन तर सगळी ने. नाहीतर राहू दे."

"न्या हो, भाऊ," कलावतीबाई म्हणाल्या. "हे नाही म्हणतीन, तरी न्या."

एकतीस वर्षांत बाईंनी गाडीबद्दल काही ठरवलं नव्हतं.

बोल्ट उघडायचे तर ते सापडेनात. सगळीकडे सारखाच रंग, गुळगुळीत. फकिरा चाचपून थकला. शेवटी निखाडेंनी घरातून छिन्नी-हातोडी आणली आणि गुडघे टेकून बसले. कोणता बोल्ट कुठे, हे त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. एक घाव, की चांदीखाली लाल, लालखाली चांदी. खपल्या मांडीवर पडत होत्या, सगळ्यांत खाली मूळचा हिरवा रंग आणि त्याच्याही खाली तपकिरी भुकटी. फकिरा म्हणाला, "राहू द्या साहेब, मी करतो." निखाडेंनी पुढचा घाव घातला.

चौघांनी बॉडी उचलली तर ती मधून मोडली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. लाइन गच्चीवरून पाहत होती. हसायचं आधीच ठरलं होतं, पण कुणाला जमलं नाही.

चेसिस ट्रकवर चढली. पीयूष पाया पडला. "काका, गाडी तयार झाली की पहिली चक्कर तुमची."

"तवा ते माही कुठची राहीन," निखाडे म्हणाले, आणि मोडलेलं दार शेडमधून बाहेर ओढू लागले.