दाराकडे पाठ

कुंदाताई नेहमी दाराकडे पाठ करून बसायच्या. नंदनवन वस्तीत मुलाखतींसाठी भाड्याने घेतलेल्या खोलीत पहिल्याच दिवशी मी खुर्च्या नीट मांडल्या, तर त्यांनी त्या लगेच फिरवल्या. "जिच्या मागं कोणी लागलं आहे, तिले दार दिसलं पाहिजे वं. आपलं काय!"

त्या मूळच्या खाप्याच्या, मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. बाईचा पाठलाग किती गंभीर आहे, हे मोजणारी प्रश्नावली त्या तयार करत होत्या. त्यांच्या मदतीला मी; मुलाखतींच्या वेळा, चहा, बायकांच्या येण्याजाण्याची सोय माझ्याकडे. पाठलाग करणारा किती फोन करतो, कुठे आडवा येतो, हे त्या विचारायच्याच. पण त्यांचा खरा प्रश्न पुढचा. "त्याचं झालं. आता तू काय काय सोडलं, ते सांग." कोणी गच्चीवर कपडे वाळवणं सोडलेलं असे, कोणी कॉलेज. "लोक विचारते, मारलं का? नाही मारलं म्हणजे काहीच नाही झालं! अन् इकडं पोरीचं जगणं आखडून राहिलं."

प्रणाली जरीपटक्यातल्या साड्यांच्या दुकानात काम करायची. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला तिने लग्नाला नकार दिला, तेव्हापासून तो तिच्या मागे होता. "डबा खाणं सोडलं," ती म्हणाली. "तो समोर उभा राहून घास पाहते." कुंदाताईंनी तिच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

प्रश्नावली भरवशाची आहे का, हे पाहायला काही आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. कुंदाताईंचा हट्ट असा, की वार तोच, वेळ तीच, खुर्चीही तीच. नाहीतर उत्तर का बदललं, हे कळणार कसं? पहिल्या खेपेला तो प्रणालीच्या मागोमाग आमच्या गल्लीपर्यंत आला होता. दुसऱ्या खेपेला त्याच वारी, त्याच वेळी तो लोखंडी सळई घेऊन आला.

दार प्रणालीला दिसत होतं. ती किंचाळली. कुंदाताई वळेपर्यंत सळई त्यांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्या फटक्याने प्रणालीचा गाल फाटला. तिसरा फटका येण्याआधी कुंदाताईंनी तिच्यावर अंग टाकलं आणि तो पाठीवर घेतला. मी उकळत्या चहाचं पातेलं त्याच्या तोंडावर रिकामं केलं. धावून आलेले लोक त्याला तुडवायला लागले, तेव्हा रक्तात पडलेल्या कुंदाताई ओरडत होत्या, "मारू नका गा! कोर्टात जिवंत पाहिजे मले तो!"

दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. "चूक माझी झाली. असल्या माणसाले काय लागते? वार अन् वेळ. दोन्ही आपणच दिले त्याले." त्यानंतर कोणालाही ठरावीक वार दिला नाही. "माप चुकलं तर चुकू दे. पोरगी घरी पोचली पाहिजे."

त्याला शिक्षा झाल्यावर प्रणाली एकदा आली. गालावर ओठापर्यंत व्रण होता. कुंदाताईंनी सवयीने विचारलं, "काय काय सोडलं?"

"तुमी काय सोडलं, ते सांगा ना बाई."

कुंदाताई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. दाराजवळच्या आपल्या जुन्या, रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथं बसणं."

प्रणाली उठली. तिने एक खुर्ची त्या जुन्या जागी, दाराकडे पाठ करून ठेवली आणि स्वतः समोर बसली. पिशवीतून डबा काढून उघडला.

"बसा," ती म्हणाली. "दाराकडं मी पाहून राहिली."

कुंदाताई बसल्या. त्यांचे खांदे सैल व्हायला वेळ लागला, पण झाले.