लांबचं खडप

जवळचा खडक गडद, त्यामागचा फिका, सगळ्यांत लांबचा निळसर. चित्रात अंतर असंच दाखवतात. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर छत्रीखाली बसून मी रंगाचे पातळ हात एकावर एक देत होते. खाऱ्या हवेत कागद लवकर वाळत नाही, म्हणून प्रत्येक हातानंतर नुसतं बघत बसायचं.

खडकांवरची कालवं काढायला निघालेल्या एक मावशी माझ्यामागे थांबल्या.

"लांबचं खडप निळं कशाला केलंत, ताई? रोज जाते मी तिथं. काळं कुळकुळीत आहे."

"इथून तसं दिसतं, मावशी. मधे हवा असते ना."

"हवा काय, इथंही आहे," म्हणत त्या चालू लागल्या.

मी त्यांच्या लाल लुगड्याकडे बघत राहिले. पहिल्या खडकापाशी ते लालच होतं, पुढे विटकं झालं आणि लांबच्या खडपावर नुसता राखाडी ठिपका उरला. हा रंग जातो कुठे? मावशींच्या अंगावर तर तो तसाच असणार. अबोला धरून परगावी गेलेला माझा भाऊ मला हल्ली असाच निळसर, शांत आठवतो. तिथे त्याच्या घरात तो अजून तितकाच तापट असेल.

भरती लागली तशा मावशी परतल्या. मी विचारलं, "तिथून मी कशी दिसले?"

"तुम्ही कुठल्या दिसताय! छत्री दिसली तेवढी. निळी."

मी वर पाहिलं. छत्री काळी कुळकुळीत होती.